कोंबडीच्या निर्वाहाचें मोजमाप

घरीं चार कोंबड्या पाळणारी गृहिणी असो, किंवा दहा हजार कोंबड्यांचा व्यवसाय करणारा कुक्कुटपालक असो, एक गोष्ट दोघांनाहि अनुभवानें ठाऊक असते. कोंबडी अंडें देवो वा न देवो, दाणा मागावयाचें कांहीं ती सोडीत नाहीं. पिसें गळण्याच्या दिवसांत अंडीं बंद पडतात. तरीहि सकाळीं खुराड्याचें दार उघडतांच ती दाण्याच्या भांड्याकडेच धांवते. पाहणाऱ्यास वाटतें कीं, हा दाणा फुकट गेला. पण तो खरोखर फुकट गेला काय?

तसें म्हणतां येणार नाहीं. आधीं पोटोबा आणि मग विठोबा हा नियम माणसाप्रमाणें कोंबडीलाहि लागू आहे. तिचें काळीज अहोरात्र चालूं असतें, श्वासोच्छ्वास चालूं असतो, शरीराची नित्य होणारी झीज भरून काढावी लागते, आणि बाहेर थंडी असो कीं ऊन, अंगाची ऊब ४१ ते ४२ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान राखावी लागते. शिवाय उठणें, बसणें, चालणें, जमीन उकरणें हे व्यवहार आहेतच. अंडें न देतां आणि वजन न घटतां वा न वाढतां, कोंबडीला केवळ आहे तशी राहण्यासाठीं जी ऊर्जा रोज लागते, तिला निर्वाह-ऊर्जा असें म्हणतात. हा तिचा घरखर्च होय. तो भागल्यावर जें शिल्लक राहील, त्यांतूनच अंडें तयार होतें.

या घरखर्चाचा नेमका आंकडा कळणें ही केवळ पंडितांच्या कुतूहलाची बाब नाहीं. अंड्यांच्या धंद्यांत एकूण खर्चापैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग एकट्या खाद्याचा असतो. निर्वाहाचा अंदाज जास्त धरला, तर दाणा वायां जातो व कोंबडीच्या अंगावर निरुपयोगी चरबी चढते. तो कमी धरला, तर बिचारी कोंबडी कांहीं दिवस स्वतःच्या अंगांतील सांठा मोडून अंडीं देत राहते आणि मग एकाएकीं थांबते. दोन्हींकडे नुकसान आहे. दुसऱ्यांत नुकसानीबरोबर मुक्या जीवाची उपासमारहि आहे.

आतां प्रश्न असा कीं, जी डोळ्यांना दिसत नाहीं ती ऊर्जा मोजावयाची कशी? तिचें एक सुदैवी वैशिष्ट्य असें आहे कीं, शरीरांत खर्च झालेली ऊर्जा अखेरीस उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते, आणि उष्णता मोजतां येते. हा विचार प्रथम प्रयोगांत उतरविला तो फ्रान्समध्यें. लाव्हाझिए व लाप्लास या दोघा शास्त्रज्ञांनीं १७८२-८३ च्या हिवाळ्यांत एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला. त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें, तें वितळलेल्या पाण्याच्या वजनावरून त्यांनीं ठरविलें, आणि त्याच वेळीं त्यानें किती कर्बवायु बाहेर टाकला याच्याशीं त्याचा मेळ घातला. जीवाचा श्वासोच्छ्वास हें एक प्रकारचें मंद ज्वलन आहे, हा सिद्धांत त्यांतून निघाला. चुलींत लांकूड जळतें आणि शरीरांत अन्न जळतें; दोन्हींकडे प्राणवायु खर्च होतो, कर्बवायु निघतो आणि उष्णता मिळते. पुढील सर्व मोजमाप याच पायावर उभारलेलें आहे.

मोजण्यास माप पाहिजे. एक लिटर पाण्याचें तापमान एक अंशानें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. मराठींत तिलाच उष्मांक म्हणण्याचा प्रघात आहे, आणि येथेंहि तोच शब्द योजिला आहे.

कोंबडीच्या जमाखर्चांत पहिली नोंद जमेची. तिला दिलेल्या खाद्याचा थोडा नमुना प्राणवायूनें भरलेल्या पोलादी भांड्यांत जाळून त्याची एकूण ऊर्जा काढतात. परंतु खाल्लेलें सर्वच अंगीं लागत नाहीं. विष्ठेबरोबर बरीच ऊर्जा बाहेर जाते. म्हणून तीन-चार दिवसांची सर्व विष्ठा गोळा करून, वाळवून, तीहि तशीच जाळून पाहतात. खाद्यांतील ऊर्जेंतून विष्ठेंतील ऊर्जा वजा केली कीं कोंबडीच्या हातीं पडलेली ऊर्जा मिळते. शास्त्रीय परिभाषेंत हिलाच चयापचयी ऊर्जा म्हणतात. येथें पक्ष्यांची शरीररचना संशोधकास साह्यकारक होते. गाईम्हशींचें शेण निराळें आणि मूत्र निराळें. कोंबडीचें दोन्ही एकाच वाटेनें, एकत्र मिसळून पडतें. त्यामुळें एकदां शीट गोळा केली कीं दोन्ही हिशेब एकदम आटोपतात. गुरांच्या पोटांतून ज्वालाग्राही वायूच्या रूपानें जी ऊर्जा निसटते, ती कोंबडीच्या बाबतींत नगण्य असते. अमेरिकेंतील हिल व अँडरसन यांनीं १९५८ सालीं पिलांवर प्रयोग करून ही रीत पक्की बसविली. खाद्यांतील नत्र शरीरांत सांठलें कीं जळून गेलें, यानें हिशेब बिघडूं नये म्हणून सांठलेल्या दर ग्रॅम नत्रामागें ८.२२ उष्मांकांची दुरुस्ती करावयाची, हा त्यांचा आंकडा आजहि वापरांत आहे. पक्ष्यांचें नत्र मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपानें बाहेर पडतें, आणि त्या आम्लांत दर ग्रॅम नत्रामागें तेवढीच ऊर्जा असते, हें त्यामागचें कारण.

जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू पाहण्याचे मुख्य मार्ग तीन.

पहिला मार्ग श्वासाचा. हवाबंद कोठींत कोंबडी ठेवतात. तेथें तिला दाणा, पाणी, उजेड सर्व मिळतें. कोठींतून मोजून हवा खेळवितात, आणि आंत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेंतील प्राणवायु व कर्बवायु यांचें प्रमाण तपासतात. कोंबडीनें वापरलेल्या प्राणवायूच्या प्रत्येक लिटरमागें सुमारें ३.८७ उष्मांक, व सोडलेल्या कर्बवायूच्या प्रत्येक लिटरमागें सुमारें १.२ उष्मांक धरून दोहोंची बेरीज केली कीं तिच्या अंगांतून निघालेली उष्णता मिळते. दीड किलो वजनाची, नियमित अंडीं देणारी कोंबडी दिवसाकांठीं सुमारें ४० लिटर प्राणवायु वापरते. म्हणजे तिच्या शरीरांत रोज सुमारें २०० उष्मांकांची शेगडी जळत असते.

या मार्गांत एक गमतीची अडचण आहे. अंड्याचें कवच जवळजवळ सर्वस्वीं चुन्याच्या कार्बोनेटचें असतें. साडेपांच ग्रॅम वजनाच्या कवचांत सुमारें २.३ ग्रॅम कर्बवायु बंदिस्त होतो. हा वायु कोंबडीच्या शरीरांतलाच. पण तो श्वासावाटें बाहेर न येतां कवचांत अडकून बसतो, आणि कोठींतील यंत्रास दिसत नाहीं. सुदैवानें त्याचें आकारमान सव्वा लिटरहून किंचित् कमीच भरतें व त्यामुळें होणारी चूक दीड उष्मांकाच्या आंतच राहते. तरीहि काटेकोर संशोधक ती लक्षांत घेतात. ज्या शास्त्रांत दीड उष्मांकाचाहि हिशेब ठेवतात, त्याच्या आंकड्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.

दुसरा मार्ग कठोर आहे. सारख्या वजनाच्या व सारख्या वयाच्या कोंबड्यांचे दोन गट करतात. एका गटांतील कोंबड्या प्रयोगाच्या आरंभींच मारून त्यांच्या शरीरांत चरबी किती, मांस किती, एकूण ऊर्जा किती, हें काढतात. दुसऱ्या गटास कांहीं आठवडे मोजून खाद्य देऊन मग तीच तपासणी करतात. दोहोंतील फरक म्हणजे शरीरांत सांठलेली किंवा घटलेली ऊर्जा. अमेरिकेंतील टेक्सास येथें फ्रॅप्स यांनीं १९४० च्या दशकांत निरनिराळ्या खाद्यांचें मोल अशाच तुलनेनें ठरविलें. कोणी विचारील, एवढी हत्या कशासाठीं? तराजूवर कोंबडीचें वजन करून भागणार नाहीं काय? दुर्दैवानें नाहीं. चरबी घटून तिच्या जागीं पाणी आलें तर वजन तेंच राहतें, पण ऊर्जा निघून गेलेली असते. आतां क्ष-किरणांच्या साह्यानें जिवंत कोंबडीच्या अंगांतील चरबीचा अंदाज घेतां येतो, ही समाधानाची गोष्ट आहे. पुस्तकांतील कोष्टकें वाचतांना, त्यांतील आंकड्यांसाठीं पुष्कळ पक्ष्यांना उपाशी राहावें लागलें आणि पुष्कळांचा प्राण गेला, याचें स्मरण असावें. त्या किंमतीनें मिळालेलें ज्ञान कपाटांत पडून राहणें योग्य नव्हे.

तिसरा मार्ग आडाख्याचा. कोंबड्यांच्या निरनिराळ्या गटांना कमीअधिक खाद्य द्यावें, आणि प्रत्येक गटाच्या शरीरांत व अंड्यांत मिळून किती ऊर्जा सांठली तें पाहावें. समजा, एका गटांत दर कोंबडीला रोज १५० उष्मांक मिळाले आणि तिच्या सांठ्यांत २० उष्मांकांची घट आली. दुसऱ्या गटांत २०० उष्मांक मिळाले आणि १८ उष्मांकांची भर पडली. तर घटहि नाहीं व भरहि नाहीं, असा बिंदु कोठें येईल? खाद्यांत ५० उष्मांकांची वाढ झाली तेव्हां सांठ्यांत ३८ चा फरक पडला. २० ची घट भरून काढण्यास त्याच प्रमाणांत सुमारें २६ उष्मांक लागतील. १५० मध्यें २६ मिळविले कीं १७६. हाच त्या कोंबडीचा निर्वाह. याच उदाहरणांतून आणखी एक गोष्ट कळते. ५० उष्मांक वाढविले तरी ३८ च सांठले; उरलेले १२ सांठविण्याच्या खटाटोपांतच उष्णता होऊन गेले.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. उपाशी कोंबडीला अंधारांत निश्चल ठेवून तिची उष्णता मोजली, तर जो आंकडा येतो तो निर्वाहाचा नव्हे. खाणें, पचविणें व चालणेंफिरणें यांनाहि ऊर्जा लागते. म्हणून खरा निर्वाह उपासाच्या आंकड्याहून बराच वर असतो. शिवाय उपाशी कोंबडी अंडीं देण्याचें थांबवीत असल्यानें तिच्यावरून अंडीं देणारीची परीक्षा करणें अपुरेंच ठरतें.

वजन वाढलें तर निर्वाह किती वाढावा? दुप्पट वजनाच्या कोंबडीला दुप्पट दाणा लागेल, असें सामान्यतः वाटतें. पण लहान भांडें मोठ्या भांड्यापेक्षां लवकर निवतें, हा स्वयंपाकघरांतील अनुभव येथेंहि उपयोगी पडतो. लहान प्राण्याला वजनाच्या मानानें अधिक ऊर्जा खर्चावी लागते. जर्मनींतील रुब्नर यांनीं १८८३ सालीं कुत्र्यांवर प्रयोग करून हा खर्च अंगाच्या पृष्ठभागाशीं जोडला. पुढें मॅक्स क्लायबर या मूळच्या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञानें, कॅलिफोर्नियांत काम करीत असतां, १९३२ सालीं दाखविलें कीं हा खर्च वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणांत बदलतो. म्हणजे वजन दुप्पट झालें तर खर्च सुमारें १.६८ पट होतो, दुप्पट नव्हे. प्रश्न नुसता कातडीच्या क्षेत्रफळाचा नाहीं, हेंहि त्यावरून दिसून आलें.

या सर्व मोजमापांचें सार एका समीकरणांत आणण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. अमेरिकेंत बायर्ली यांनीं १९४१ सालींच कोंबडीच्या खाद्याची वांटणी वजन, वजनांतील वाढ आणि अंडीं अशा तीन खात्यांत करून दाखविली होती. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ च्या आपल्या पुस्तकांत दिलेलें समीकरण पुष्कळ वापरलें जातें. तें शब्दांत असें: भोंवतालच्या तापमानाच्या अंशांना १.९५ नें गुणून तो गुणाकार १७३ मधून वजा करावा. उरलेल्या आंकड्यास कोंबडीच्या किलोंतील वजनाच्या पाऊण घातानें गुणावें. हा झाला निर्वाह. त्यांत वजनांत रोज पडणाऱ्या प्रत्येक ग्रॅम भरीसाठीं ५.५, आणि रोजच्या अंड्याच्या प्रत्येक ग्रॅमसाठीं २.०७ उष्मांक मिळवावे.

दीड किलोची कोंबडी घ्या. तिच्या वजनाचा पाऊण घात १.३५५. तापमान २२ अंश असतां १७३ मधून ४२.९ गेले, उरले १३०.१. गुणाकार सुमारें १७६ उष्मांक. ती रोज सरासरीनें ५० ग्रॅम अंडें देत असेल व वजन स्थिर असेल, तर अंड्यासाठीं सुमारें १०४. एकूण २८०. एका किलो खाद्यांत २,८०० उष्मांक असतील, तर रोज १०० ग्रॅम खाद्य लागेल. या १०० ग्रॅमपैकीं ६३ ग्रॅम निर्वाहांत गेले आणि अंड्याच्या वांट्यास ३७ आले. भरपूर अंडीं देणाऱ्या कोंबडीचीहि ही स्थिति आहे. जी आठवड्यांतून दोनच अंडीं देते, तिचा घरखर्च मात्र तेवढाच राहतो. म्हणून तिचें प्रत्येक अंडें महाग पडतें.

याच समीकरणांतून हवेचा परिणामहि उमजतो. तापमान २२ वरून ३२ अंशांवर गेलें कीं निर्वाह १७६ वरून १५० वर येतो, आणि खाद्य ९०-९१ ग्रॅमच पुरतें. कोंबडी स्वतःच कमी खाते. वरवर पाहतां हा फायदा दिसतो. पण त्यांत मेख आहे. कमी खाद्याबरोबर तिच्या पोटांत प्रथिनें व चुनाहि दहांतला एक भाग कमी जातो, आणि अंड्यासाठीं त्यांची गरज मात्र कमी झालेली नसते. म्हणून उन्हाळ्याच्या खाद्यांत दर किलोमागें प्रथिनें व चुना वाढवावा लागतो.

परंतु समीकरण म्हणजे वेदवाक्य नव्हे. ४४ अंशांच्या विदर्भांतील दुपारीं हें गणित मांडलें तर निर्वाह आणखी घटून दिसेल. प्रत्यक्षांत त्या वेळीं कोंबडी चोंच उघडून धापा टाकीत असते. तिला घर्मग्रंथि नाहींत; धापा टाकून अंग निववावें लागतें, आणि त्या श्रमालाच ऊर्जा लागते. शिवाय धापांबरोबर रक्तांतील कर्बवायु उडून जातो व कवच पातळ होतें. सरळ रेषा जेथें मोडते, तेथपर्यंतच तिच्यावर विसंबावें. त्यासाठींच ब्राझीलसारख्या उष्ण देशांतील संशोधकांनीं आपल्या हवेला जुळणारीं स्वतंत्र समीकरणें तयार केलीं. दुसरी मर्यादा पिसांची. पाठ व मान उघडी पडलेली कोंबडी थंडींत अधिक खाते, कारण तिचें पांघरूण फाटलेलें असतें. तिसरी हालचालीची; जमिनीवर मोकळी फिरणारी कोंबडी पिंजऱ्यांतील कोंबडीहून अधिक खर्च करते, आणि तिला निष्काळजी ठरवून तिच्या दाण्यांत कपात करणें अन्यायाचें होय.

मग सामान्य कुक्कुटपालकानें या ज्ञानाचा उपयोग कसा करावा? त्याच्याजवळ श्वसनकोठी नाहीं, पण तराजू आहे. दर आठवड्यास तीसचाळीस कोंबड्यांचें वजन, सर्व अंड्यांचें वजन, दिलेल्या व उरलेल्या खाद्याचें वजन, आणि छपराखालील तापमान, एवढ्या नोंदी त्यानें वहींत ठेवाव्या. मग वरील गणितानें किती खाद्य लागावयास हवें होतें तें काढावें व प्रत्यक्ष खर्चाशीं ताडून पाहावें. दर कोंबडीमागें अवघ्या ५ ग्रॅमांचा फरक निघाला, तरी दहा हजार कोंबड्यांमागें तो रोज ५० किलो व वर्षाकांठीं १८,२५० किलो होतो. हा दाणा कोठें गेला? भांडीं कांठोकांठ भरल्यानें सांडला, उंदरांनीं खाल्ला, पिसें झडल्यामुळें उष्णतेंत गेला, कीं खाद्यांतच सांगितल्याएवढे उष्मांक नव्हते? वही हें सर्व सांगणार नाहीं. पण शोध कोठें सुरू करावा तें सांगेल. उलट, गणितापेक्षां खाद्य कमी जात असून अंडीं चालूंच असलीं, तर आनंद मानण्यापूर्वीं कोंबड्यांचें वजन पाहावें. तें उतरत असेल, तर अंडें दाण्यांतून येत नसून कोंबडीच्या अंगांतून येत आहे, हें ओळखावें.

निर्वाहाचा दाणा हा दान नव्हे आणि उधळपट्टीहि नव्हे. दाण्याचे भाव चढले कीं पहिला हात त्यालाच घालण्याचा मोह होतो, कारण त्याचें फळ डोळ्यांना दिसत नाहीं. पण १०० ग्रॅमांतील ते ६३ ग्रॅम कापूं पाहणारा मनुष्य उरलेल्या ३७ वरच कुऱ्हाड चालवीत असतो. कारण कोंबडी आपला घरखर्च आधीं भागवील आणि अंड्याचा विचार नंतर करील. पिसें गळण्याच्या दिवसांत दाण्याच्या भांड्याकडे धांवणारी कोंबडी हाच हिशेब पुरा करीत असते.